एका दिवसाचा विमा

—नाही नाही, फोटो नंतर काढा, आधी वडी घ्या. नारळाची आहे, घरची. गाडी काय, ही इथे अंगणातच पडलीय, पळून जातेय थोडीच. तुम्ही जोशी म्हणालात म्हणून मराठीत बोलतेय, नाहीतर विम्याच्या माणसांशी आमचं सगळं हिंदीतच चालतं. पराग आत चहा ठेवतोय — माझा मुलगा, तोच चालवत होता — आणि त्यानं तुम्हाला काय सांगितलं ते ठाऊक आहे मला. ‘माझी चूक, वळणावर ब्रेक उशिरा दाबला.’ सगळ्यांना हेच सांगत सुटलाय. लिहूच नका ते. अहो, देवास गेटच्या गर्दीत कधी कुणाच्या सायकलला आरसा लागू दिला नाही या मुलानं, आणि तिथे मोकळ्या ट्रॅकवर ब्रेक दाबायचा विसरेल? ब्रेक लागला नसणार. गाडीतच काहीतरी खोट असणार, माझं मन सांगतं.

आणि गाडी त्याची असती ना, तर मी अशी तुमच्या मागे लागलेच नसते. शर्वरीची आहे, माझ्या सुनेची. फ्रीगंजला शाळेत शिकवते, स्वतःच्या पगारातून घेतली तिनं. यानं लाडीगोडी लावून मागून नेली — रेस नाही म्हणे, कुणाशी शर्यत-बिर्यत नाही, हौशी लोकांनी आपापली गाडी बंद ट्रॅकवर मनसोक्त पळवायची, बस. ती म्हणाली, ने, पण विमा काढून ने. रोजच्या विम्यात हे असलं बसत नाही ना, म्हणून त्या एका दिवसाचा वेगळा काढला. आता ती भोपाळला माहेरी जाऊन बसलीय. भांडून नाही हो — भांडली असती तर बरं होतं, आमच्याकडे भांडणं टिकत नाहीत. फोनवर एवढंच म्हणते, ‘आई, गाडी नीट होऊ दे, मग बघू.’ आणि हा जेवत नाही, गाडीकडे पाहतसुद्धा नाही. माझं घर मोडतंय, साहेब. पदर पसरते तुमच्यापुढे, एवढा विमा पास करून द्या.

काय? त्याची चूक असली तरी मिळतो? अगं बाई. मग मी उगीचच परेशान — बरं, मग मिळत नाही तो कशानं? नियम मोडला तर? ते तर सगळे पाळलेत, मी होते ना तिथे. हो, गेले होते. पराग नको-नको म्हणत होता, तिथे आईला कोण आणतं, पण मी पोह्यांचा डबा घेऊन आधीच गाडीत बसले. तिथला तो टोपीवाला इतका कडक, पूर्ण गाडी खाली केली त्यानं — पायाखालच्या चटया, पाण्याची बाटली, छत्री, समोरचा गणपतीसुद्धा. ‘आंटीजी, एक भी चीज़ खुली नहीं रहेगी.’ नारळही काढून माझ्या हातात दिला. आदल्या दिवशी चिंतामण गणपतीच्या देवळात गाडीची पूजा केली होती, तिथला नारळ — आमच्याकडे कुठलंही काम असो, आधी चिंतामण. आता देवाला खाली उतरवून गाडी पळवायची, मला काही ते पटेना. पराग सूचना ऐकायला गेला तेवढ्यात मी तो हळूच सीटखाली ठेवून दिला, लाल कपड्यात गुंडाळून. कुणाला दिसलासुद्धा नाही. आणि बघा, त्यानं राखलंच की नाही — गाडी जाऊन टायरच्या भिंतीवर आदळली, पण पोराला साधं खरचटलं नाही. सगळं नारळानं स्वतःवर घेतलं, तडकला बिचारा. पराग फेकून देत होता. मी हिसकावूनच घेतला, म्हटलं देवाचा नारळ फेकतात का? त्याच्याच तर या वड्या. अजून एक घ्या —

कुठे सापडला म्हणजे? गाडीतच. सीटखाली — नाही, पुढे. पायापाशी. ब्रेकच्या मागे अडकला होता, पराग खाली वाकून ओढत होता तो.

वडी खाली का ठेवलीत?

थांबा, साहेब. लिहू नका जरा. मतलब — सीटखालून तो गडगडत पुढे — त्या वळणावर — म्हणजे परागनं दाबला होता ब्रेक. वेळेवर दाबला होता, आणि तो खाली गेलाच नाही. आणि हे त्याला तेव्हाच कळलं, हातात नारळ होता त्याच्या. माझ्याकडे बघितलंन् आणि म्हणाला, ‘आई, माझीच चूक.’ मला वाटलं, घाबरलाय. बायकोलाही तेच सांगितलं. ती निघून गेली तरी तेच.

पराग. कधीपासून उभा आहेस तू दारात? ठेव तो चहा. काही बोलू नकोस. शर्वरीला फोन लाव — नाही, तू नाही बोलायचं, मी बोलते. तुम्ही निघा, साहेब. जे ऐकलंत ते लिहा, मी नाही म्हणत नाही. निघा आता. — वाजतोय? दे इकडे.