मिस्त्रींचं जाळं

(जाळी दुरुस्त करायची खोली, खिडकी धक्क्याकडे. उन्हं डोक्यावर यायला आलीत. जमिनीवर निळं जाळं पसरलंय. त्याच्या एका टोकाला नणंद, दुसऱ्या टोकाला भावजय. मध्ये स्टुलावर फोन रेकॉर्डिंगला लावून वाचनालयातली ग्रंथपाल बसलीय.)

नणंद : ते पुसा आधी. लग्न होऊन आले तेव्हा मला सगळं येत होतं म्हणाली ना, ते पुसा. हिला सुईत दोरा भरता येत नव्हता.

भावजय : मी ‘सगळं’ म्हटलंच नाही, वन्सं. मला पोहता येत होतं, एवढंच म्हटलं.

नणंद : पोहता येत होतं! जाळं विणायला पोहून काय करायचंय?

ग्रंथपाल : मोठ्या मावशी, तुमचीही गोष्ट घ्यायचीय. पण आत्ता धाकट्या मावशींची चाललीय. किनाऱ्यावरच्या माणसांची आयुष्यं ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकायला मिळावीत, असं आमच्या वाचनालयाचं ठरलंय.

नणंद : हिच्या तोंडून ऐकायचं तर अंथरूण-पांघरूण घेऊन या. ही अर्धं वाक्य बोलते, मग चार गाठी मारते, मग उरलेलं अर्धं विसरते. मी आपली मदत करतेय.

भावजय : मदत करताय, पण माझ्या गोष्टीत अजून मी आलेच नाही. आत्तापर्यंत सगळीकडे तुम्हीच आहात.

नणंद : असणारच. तू या घरात आलीस तेव्हा मी होतेच की इथे. मी काय नंतर उगवले?

ग्रंथपाल : चालेल, चालेल. धक्क्यावरच्या तिकीटवाल्यांची घेतली मी परवा, त्यांनी सगळा वेळ फक्त आपल्या दाढदुखीबद्दल सांगितलं. त्या मानानं हे बरंच पुढे चाललंय. बरं, धाकट्या मावशी, लग्नाबद्दल सांगत होतात.

भावजय : हो. यांचा धाकटा भाऊ तो. हसरा होता. बोटीवर जायचा. एकदा बोट आली, तो नाही आला.

नणंद : लाटेनं ओढून नेलं. माणूस चांगला होता माझा भाऊ. फक्त ऐकायचा नाही कुणाचं.

भावजय : घराण्यातच आहे ते.

नणंद : ऐकलंत? हे मात्र ठेवा, पुसू नका. लोकांना कळू दे, गरीब दिसणारी गाय लाथ कशी मारते.

ग्रंथपाल : आणि तेव्हापासून दोघी इथेच? हेच काम?

नणंद : हेच. किनाऱ्यावरच्या सगळ्या बोटींची जाळी आमच्या हाताखालून जातात. आता हे बघा, हे मिस्त्रीचं. बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता ना तो. रिटायर झाल्यावर लहानशी बोट घेतली आणि लागला मासे धरायला. मासे त्याला बघून हसतात म्हणे.

भावजय : मिळतात की त्यांना कधी कधी.

नणंद : मिळतात, मिळतात. म्हाताऱ्या, आंधळ्या माशांना सांभाळायलाही कुणीतरी हवंच.

ग्रंथपाल : केवढं फाटलंय पण!

नणंद : दर बुधवारी फाटून येतं.

भावजय : तिकडे खडक फार आहेत.

नणंद : फार! आणि ते खडकही असे हुशार, की शेजारच्या बोटींना वाट देतात आणि याचंच जाळं बरोबर हेरून धरतात. तेही मंगळवारी.

ग्रंथपाल : मिस्त्रींची गोष्ट मी कालच घेतली. पण हे जाळं त्यांचं कसं असेल? त्यांनी तर बोट विकली ना.

भावजय : काय केली?

ग्रंथपाल : विकली. गेल्या आठवड्यात. कायमचे लेकीकडे चाललेत ते, उद्या सकाळच्या फेरीबोटीनं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. म्हणाले, हातपाय धड आहेत तोवर गेलेलं बरं, इथे आता अडून राहावं असं काही नाही.

भावजय : असं म्हणाले?

ग्रंथपाल : म्हणजे... हो. मी काही बोलायला नको होतं का?

नणंद : अगं, सुई बोटात घुसेल. खाली ठेव ती.

भावजय : ठेवते.

नणंद : काल बुधवार होता. काल आला, जाळं टाकलं, खडक फार वाईट आहेत म्हणाला, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघून घाबरला आणि गेला. ज्याच्याकडे बोट नाही, त्याला जाळं कशाला दुरुस्त करून हवंय?

भावजय : विकायचं असेल.

नणंद : हो, विकायचंच असेल. बाई, तुम्ही जरा इकडे सरका. हे टोक बघा. हे दुसऱ्या बोटीच्या जाळ्याचं, खऱ्या खडकानं तोडलेलं. दोरा कसा ताणून तुटलाय, टोकाशी बारीक झालाय, पिंजलाय. आता हे बघा, कालचं.

ग्रंथपाल : हे सरळ आहे. कात्रीनं कापल्यासारखं.

नणंद : सुरीनं. कात्री नाही त्याच्याकडे.

भावजय : वन्सं, पुरे.

नणंद : तू आलीस तेव्हा पहिल्या दिवशी तुला काय शिकवलं मी? तुटलेलं टोक कुठलं आणि कापलेलं कुठलं. तेव्हा आता मला खडक सांगू नकोस. तो दर मंगळवारी आपलं जाळं आपणच सुरीनं कापत बसतो आणि बुधवारी इथे घेऊन येतो. किती वर्षं चाललंय हे!

ग्रंथपाल : अय्या! धाकट्या मावशी, तुम्हाला माहीत होतं?

भावजय : (सुई उचलून पुन्हा गाठ मारायला लागते.)

नणंद : आली बघा हिची चार गाठींची वेळ.

भावजय : माहीत होतं. पण आधी ते कापत नव्हते. आधी खरंच सुटायचं.

नणंद : का सुटायचं, तेही सांग. लाजू नकोस. का मी सांगू?

भावजय : सांगा तुम्हीच. नाहीतरी सांगणारच आहात.

नणंद : ही त्याच्या जाळ्याला एकेरी गाठी मारायची! बाकी सगळ्या बोटींना दुहेरी, आणि याला एकेरी. पाण्यात गेलं की चार दिवसांत गाठी सैल, जाळं भगदाड, मिस्त्री दारात. आमच्या हाताला किनाऱ्यावर नाव आहे हो! लोक काय म्हणतील? म्हणून ही झोपायला गेली की मी बसायचे आणि हिची एकेक गाठ दुहेरी करायचे.

भावजय : तुम्ही?

नणंद : मग काय, गाठी आपोआप घट्ट झाल्या?

भावजय : मला वाटायचं, मीच सवयीनं दुहेरी मारतेय की काय. मी स्वतःला किती बोल लावला!

ग्रंथपाल : थांबा, थांबा. तुम्ही सैल ठेवायचात, या घट्ट करायच्या. म्हणून जाळं फाटेनासं झालं. आणि म्हणून बिचाऱ्या मिस्त्रींना...

नणंद : सुरी घ्यावी लागली. हं. माझ्यामुळेच. चांगल्या कामाचं हे असं फळ.

भावजय : वन्सं, मग कळत होतं तर बोलला का नाहीत?

नणंद : तू बोललीस? तो बोलला? तुमच्या दोघांच्या तोंडाला कुलूप आणि किल्ली शोधायची मी? मी आपली रोज म्हणायचे, आज बोलतील, उद्या बोलतील. अशीच माणसं म्हातारी झाली.

ग्रंथपाल : मी हे बंद करते हं. हे काही वाचनालयात...

भावजय : नको, राहू द्या चालू. माझीच गोष्ट आहे ना? मग मला सांगू द्या.

नणंद : घ्या, बोलली.

भावजय : आणि तुम्ही मध्ये बोलू नका, वन्सं.

नणंद : मी कुठे...

भावजय : वन्सं.

नणंद : बरं.

भावजय : यांचा भाऊ गेला, तरी मी रोज संध्याकाळी या खिडकीत उभी राहायचे. सगळे म्हणायचे, आता नाही यायचा तो. मलाही कळत होतं. पण त्या वेळेला पाय आपले खिडकीकडे वळायचे. खूप वर्षं तसंच चाललं. मग मिस्त्री यायला लागले. बुधवारी येतो म्हणाले की बुधवारी येणारच. अंगात ताप असला तरी येणार, समुद्र खवळलेला असला तरी येणार. तेव्हा तर जाळं पाण्यात टाकलेलंही नसायचं, तरी फाटलेलं असायचं. मी वाट बघावी आणि माणूस खरंच यावा, हे मला त्यांनी दाखवलं. मला आवडतात ते. झालं.

नणंद : ...बाई, भरलं का हो हे त्या फोनमध्ये?

ग्रंथपाल : भरलं.

नणंद : बरं झालं. उद्या नाही म्हणायला लागली तर लावून ऐकवीन. ऊठ आता.

भावजय : कुठे?

नणंद : कुठे म्हणजे? त्याच्याकडे. उतारावरून खाली, चार घरं. वाट माहीत नसेल तर या बाई सोबत येतील.

भावजय : मी नाही जात. त्यांचं ठरलंय. लेक वाट बघत असेल.

नणंद : लेकीला नवरा आहे, पोरं आहेत, सासू आहे. त्या गर्दीत हा माणूस कोपऱ्यात बसून पंखे दुरुस्त करील. ऊठ.

भावजय : आणि तुम्ही?

नणंद : मी काय? मी काय तान्ही आहे?

भावजय : चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधता. माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढता. मी धरलं नाही तर कोण धरणार?

नणंद : माळ्यावरचं खाली काढून ठेवीन.

भावजय : तुम्ही एकट्या राहिलात तर मला तिथे घास गिळवणार नाही, वन्सं. तुम्ही चेष्टा करताय, पण मी चेष्टा करत नाहीये. तुमचा भाऊ गेला तेव्हा माझ्या माहेरचे मला न्यायला आले होते. आठवतंय? मला तिकडे जायचं नव्हतं, पण मला कोणी विचारतच नव्हतं. तुम्ही दार अडवून उभ्या राहिलात. म्हणालात, ही कुठेही जायची नाही, हिला अजून दुहेरी गाठ नीट येत नाही.

नणंद : येत नव्हतीच.

भावजय : येत होती, वन्सं.

नणंद : ...ठाऊक आहे मला.

भावजय : मग?

नणंद : मग काय मग! तेव्हा तुला जायचं नव्हतं म्हणून दार अडवलं. आता तुला जायचंय तर बाजूला होतेय. दार तेच आहे, मीही तीच आहे. आणि तू काय सातासमुद्रापार चाललीयेस? चार घरं खाली! मी इथून ओरडले तर तिथे ऐकू येईल.

ग्रंथपाल : त्याबद्दल तर शंकाच नाही.

नणंद : बघा, या बाईंनाही आता तोंड फुटलं. सकाळी किती गरीब होत्या.

भावजय : ते हो म्हणतील कशावरून?

नणंद : ज्या माणसानं तुला बघायला आपलं चांगलं जाळं कापलं, आणि बोट विकल्यावरसुद्धा कापलं, तो नाही म्हणेल? अगं, अजून काय करायला हवं त्यानं? केस नीट कर. नाही, राहू दे, असेच बरे दिसतात. आता हे काय उचललंस?

भावजय : जाळं. घेऊन जाते. म्हणते, अजून झालं नाही, दोन दिवस लागतील...

नणंद : ठेव ते खाली.

भावजय : पण हातात काहीतरी...

नणंद : ठेव म्हणते ना! इतकी वर्षं तो जाळ्याच्या आडून आला, तू जाळ्याच्या आडून बघितलंस. आता रिकाम्या हातानं जा. बघू दे त्याला, कशाला आलीस ते.

भावजय : काय म्हणू मी?

नणंद : तुझं पहिलं वाक्य पुरं होईपर्यंत उद्याची फेरीबोट सुटेल. दोनच शब्द बोल. ‘जाऊ नका.’ येतील तेवढे?

भावजय : येतील.

नणंद : म्हणून दाखव.

भावजय : जाऊ नका.

नणंद : मला नव्हे, त्याला म्हण. मी कुठे चाललेय? जा. आणि धावू नकोस, उतार आहे.

ग्रंथपाल : गेल्या. चपला उलट्या घालून गेल्या.

नणंद : जाऊ दे. तुमची नजर चांगली आहे, तुम्ही उभ्या राहा खिडकीशी. मी ही गाठ पुरी करते. कुठवर पोचली?

ग्रंथपाल : दुसऱ्या घरापाशी. थांबल्यात.

नणंद : परत फिरली तर मी दार लावून घेईन.

ग्रंथपाल : नाही, निघाल्या. पोचल्या. दार वाजवलं. मिस्त्री आलेत बाहेर. हातात घडी घातलेला सदरा आहे, सामान भरत असावेत. मोठ्या मावशी, ते धाकट्या मावशींच्या हातांकडे बघतायत.

नणंद : जाळं शोधत असेल. बोलली का ती?

ग्रंथपाल : इथून काय कळणार! बोलल्या असाव्यात. ते एकदम खाली बसले, पायरीवर.

नणंद : चक्कर आली?

ग्रंथपाल : नाही, हसतायत. डोळेही पुसतायत, त्याच सदऱ्यानं. आता याही बसल्या शेजारी. या ना, बघा तरी!

नणंद : नको. माझ्याकडे बघितलं की घाबरतो तो. आज नको घाबरायला.

ग्रंथपाल : आत गेले दोघं. दार उघडंच ठेवलंय.

नणंद : बरं केलं.

ग्रंथपाल : मावशी, तुम्ही ठीक आहात ना? आता तुमची गोष्ट घ्यायची, की पुन्हा कधी येऊ?

नणंद : आत्ताच घ्या. पण आधी पानं घेते, जेवायलाच बसा. दोघींचा स्वयंपाक करून ठेवलाय मी.