मोतीबिंदू आणि मेंबर

मोतीराम : मोतीबिंदूच्या शिबिरात डोळा काढून बशीत ठेवतात, सोजरे, बशीत! धुतात, पुसतात, मंग परत बसवतात. तेवढ्यात मांजर आली तं?

सोजराबाई : अंबू, तू तं शेजारीण माही. गेल्या साली तुहा डोळा ठेवला होता का बशीत?

अंबूबाई : भाऊजी थापा हाणतात उगीच. तवा बी मेहकरच्या शाळेतच शिबिर होतं. पह्यले पापण्याचे केस कापतात. मंग थेंब, मंग डोळ्याच्या खालून सुई. तेवढी दुखते, खोटं काऊन सांगू? मंग डाक्टर म्हणते, "बाई, पायाकडं पाहा." आपण पाय पाहत राह्यचं, तो मोतीबिंदू काढून घेते.

मोतीराम : आन वाळूच्या पिशव्या, वहिनी? डोक्याच्या दोन्ही बाजूले पिशव्या, मधात माणूस उताणा. आठ दिवस मान हालवायची नाही, खोकलायचं नाही, बोलायचं नाही!

सोजराबाई : बोलायचं बी नाही?

अंबूबाई : हाव. जबडा हालला का टाका ताणते.

सोजराबाई : तुह्यानं झालं ते?

अंबूबाई : नवरा भेटाले आला तवा लय जड गेलं.

मोतीराम : म्हून म्हणतो, घाई कायची? शिबिर येत्या साली बी येईन. पंचफुलाचा साखरपुडा बेस्तरवारी, आन आजी शाळेत उताणी! बरं दिसते का?

सोजराबाई : आजीले नातजावई पाह्यचा आहे.

मोतीराम : त्यात पाह्यचं काय? पंचायत समितीचा मेंबर आहे. बीडीओच्या बाजूले खुर्ची. उद्या मोटारीतून उतरलो तं लोक म्हणतीन, मेंबरचा आजेसासरा आला!

सोजराबाई : खुर्ची तुमी पाह्यली. माणूस मी पाहीन.

अंबूबाई : पाहशीन बाई. जाड काचीचा चष्मा देतात. पह्यले पह्यले सारं मोठं दिसते. वाटी परातीएवढी. पेल्यात पानी ओतलं तं मांडीवर पडते.

मोतीराम : आन वय?

अंबूबाई : कायचं वय?

मोतीराम : माणसाचं. त्या काचीतून वय बी वाढून दिसत असन ना?

सोजराबाई : किती वाढून?

मोतीराम : आता किती म्हंजे...

सोजराबाई : अहो, किती?

मोतीराम : चाळीस म्हंजे काही म्हातारा नसते माणूस.

सोजराबाई : चाळीस!

मोतीराम : मेंबर लोक पोक्तच असतात. पह्यली बायको वारली, त्याले तो काय करन?

सोजराबाई : घरी आला तवा तुमी म्हटलं, पोरगा शरमते, म्हून बोलत नाही. शरमते कायचा? आपल्या घरापुढचा चढ चढून दम लागला असन त्याले!

अंबूबाई : पंचफुला काय म्हणते?

सोजराबाई : तीन दिवसापासून काहीच नाही म्हणत. भाकरी थापते आन गप राह्यते. मले वाटलं, लाजून राह्यली.

मोतीराम : चार लोकांत शब्द देल्ला मी. तू जाय शिबिराले, जाय! आठ दिवस तुले बोलता बी येणार नाही.

अंबूबाई : एक सांगाचं राह्यलंच. जवळ घरची बाई लागते. पेज पाजाले, उठवाले-बसवाले. त्याबिगर नावच लिहून घेत नाहीत.

सोजराबाई : हाव? मंग पंचफुलाले नेते.

मोतीराम : पंचफुलाले? आन बेस्तरवारी पाहुणे येतीन, त्याईले मी काय सांगू?

सोजराबाई : चहा पाजा. आन सांगा, नवरी आजीचे डोळे आणाले गेली.