गोळ्या बंद आहेत

नाही नाही, उठू नका नारायणराव, बसा तसेच — फक्त त्या ढेपेला पाय लावू नका, मुंग्या तिकडूनच येतात. हो, गूळच आहे सगळा. बैठकीच्या खोलीत गुळाच्या ढेपा कशाला, असं तुम्ही मनात म्हणत असाल. आठवडा झाला, मीही मनातच म्हणतोय. मोठ्यानं म्हणायची सोय नाही, कारण त्या माझ्या बहिणीनं आणल्यात. सत्यशीला तुमची शेजारीण, तेव्हा तिच्याबद्दल मी तुम्हाला काय सांगायचं. सोनईहून केडगावपर्यंत टेम्पो केला तिनं. ड्रायव्हरनं विचारलं, काका, दुकान काढताय का. मी म्हटलं, नाही, नवस आहे.

तिनं तुम्हाला सगळं सांगूनच पाठवलंय ना? बरं झालं. काय म्हणाली — भाचा मध्ये जरा भरकटला होता, मुलगी व्हायच्या गोळ्या घेत होता, आता गोळ्या बंद केल्यात, दाढीसुद्धा फुटायला लागली, ताळ्यावर आलाय तोवर लग्न उरकून घेऊ? शब्दही हेच? वाटलंच. तर नारायणराव, यात खोटं फारसं काही नाही. गोळ्या बंद आहेत. दाढीही दिसते, थोडी. पण त्या का बंद आहेत ते मला तुम्हाला सांगायचंय, आणि ते मीच सांगायचं — माझ्या बायकोनं, नीलांबरीनं नाही, फोनवर नाही, तुमच्यासमोर बसून — अशी आतल्या खोलीची अट आहे. नाही सांगितलं तर सोमवारी पुण्याला माझ्याशिवाय जाणार. एकटं. म्हणून तर तुम्हाला येऊ दिलं, नाहीतर तुमचा सोनईहून इथवरचा हेलपाटा वाचवलाच असता की मी. सांगतो. पाणी घ्या आधी.

त्याचं असं झालं — सत्यशीलाचा फोन आला. त्या गोळ्या अजून चालूच का, म्हणाली. मी म्हटलं, नाही, बंद केल्यात. संपलं. उभी हयात मी पाटबंधारे खात्यात काढली, तिथे एकच विद्या शिकलो, विचारलं असेल तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. पाणी सुटलं का, तर सुटलं. कुठे गेलं, हा वेगळा प्रश्न, त्यासाठी वेगळा अर्ज. तिनं 'का' असं विचारलं असतं तर मी 'का' ते सांगितलं असतं. नाही विचारलं. ती रडायलाच लागली, मला वाटलं रेंज गेली. नंतर कळलं की तिनं कधीतरी कुलदैवताला बोलून ठेवलं होतं, पोरगं शुद्धीवर आलं तर त्याच्या वजनाइतका गूळ वाटीन. मला विचारलं नाही, देवाला विचारलं नाही, ज्याचं वजन त्याला तर नाहीच. मग दुसरा फोन — वजन किती? मी वजन सांगितलं. पुन्हा, विचारलं तेवढंच. आता गंमत बघा, त्या गोळ्यांनी अंग जरा भरलं होतं, त्यामुळे ढेपाही जास्त लागल्या. म्हणजे ज्या गोळ्या सुटल्या म्हणून हा गूळ, त्याच गोळ्यांमुळे तो वाढलाय. हसू नका. बरं, हसा. मी चार दिवस हसलो नाही, कुणीतरी हसायला हवं.

का बंद, तर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. पुण्याचे डॉक्टर. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे त्या गोळ्या थांबवायच्या म्हणे, रक्तात गुठळी होऊ नये यासाठी. झालं. सांगितलं की — आत भांडं आपटलं, ऐकलंत? म्हणजे एवढ्यानं भागत नाही. बरोबर आहे, मी फक्त गुठळीचं सांगितलं. थांबा, येतो मुद्द्यावर, मी मुद्द्याला कडेनं जातो, सवयच आहे.

त्या गोळ्या बंद होणं म्हणजे काय असतं, तुम्हाला कल्पना नाही. मलाही नव्हती, मला वाटलं, गोळ्या बंद म्हणजे गोळ्या बंद, डबी कपाटात. कसलं काय. अंगातून अशा वाफा निघतात की बसल्या जागी माणूस भिजतो. कंपनीची मीटिंग चालू असते, वरून कुडता, गळ्यात ओला टॉवेल, पाय बादलीत, आणि त्या इंग्रज साहेबाला सांगणं चालू की सगळं वेळेवर होईल. पॅकेज चांगलंय, हो, तुमचं त्याकडे लक्ष असणार, आहेच चांगलं. मग रडू. एकदा बातम्यांत कांद्याचे भाव सांगत होते, पडले म्हणून. तर हे बसलं हुंदके देत. आमची शेती नाही, कांदा आम्ही विकत आणतो, भाव पडले की आमचा फायदा. मी तसं समजावलं तर आणखी रडू. त्याच संध्याकाळी मी कोथिंबीर जुनी आणली म्हणून इतकी बोलणी खाल्ली, की खात्यातल्या साहेबानंसुद्धा मला कधी एवढं झापलं नव्हतं.

आणि आमच्या घरात कूलर एक. आता हे तुम्हाला कसं सांगावं — तुमच्या घरीही होईलच कधीतरी — नीलांबरीचं पाळी जायचं वय चाललंय, तिलाही तशाच वाफा. दोन वर्षं ती या विषयावर बोलत नव्हती, गोळ्यांच्या डबीकडे बघायची नाही, ताट वाढायची आणि भिंतीशी बोलायची. एका दुपारी स्वयंपाकघरात गेली तर हे फ्रिजचं दार उघडून आत तोंड घालून बसलेलं. मी म्हटलं, आता वीजबिलावरून भांडण. तर नाही. नीलांबरी जवळ गेली आणि म्हणाली, 'अगं, हे तर मला होतं.' नुसतं तेवढंच. मग आपला हातपंखा आणला, शेजारी फरशीवर बसली आणि वारा घालायला लागली. त्या दिवसापासून दोघींचा एक पक्ष झाला, कूलर त्यांच्याकडे गेला आणि मी गच्चीवर.

म्हणून मीही सोडल्या. गोळ्या हो. माझ्या, ब्लडप्रेशरच्या. मला वाटलं, घरात एकटीनंच का सोसायचं, आपणही काहीतरी बंद करावं. चहा सोडून पाहिला होता, तो दुपारपर्यंतच टिकला. मग या सोडल्या, कुणाला न सांगता, आणि केडगावच्या वेशीपाशी भाजीवाल्याच्या वांग्यांवर पडलो. वांगी विकत घ्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, काका, अक्कल कुठे ठेवली होती. घरी आलो तर दोघींनी हातातली पिशवी ओढून घेतली. मग आतली रडली, मग चिडली, मग तिनं ती वांगी चिरली.

हो हो, मुद्दा. अजून तिथवर आलो नाही, मला कळतंय, आतूनही कळतंय — खोकला ऐकलात ना?

तुम्ही म्हणाल, बहिणीला पुन्हा फोन करून खरं सांगायचं होतं. करणार होतो, देवाशपथ. पण मध्ये एक सकाळ आली. बेसिनपाशी ते दाढी करत उभं होतं. गोळ्या थांबल्यावर केस पुन्हा डोकं वर काढतात, त्याला इलाज नाही, आणि चिडचिड अशी की ब्लेड नीट धरता येत नव्हतं. पाठमोरं होतं. गालाला साबण. मी दारात पेपर घेऊन उभा. आणि नारायणराव, मला — म्हणजे दहावीच्या सुट्टीत मीच शिकवलं होतं ना, रेझर असा धर, वरून खाली, घाई नको. तर मला — बरं वाटलं. आणि मी सत्यशीलाला फोन केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही केला. तिनं टेम्पो ठरवला, मी गप्प. तिनं तुमचं स्थळ काढलं, मी तुम्हाला घरचा पत्ता सांगितला. ती म्हणाली, दादा, आला बघ आपला पोरगा परत, आणि मी नाही म्हटलं नाही. ढेपा उतरवून घेताना मी एक तुकडा तोंडातही टाकला, चांगला गूळ आहे.

आरशात दिसलो होतो मी. आरशाचं माझ्या लक्षातच आलं नाही. गाल पुसला, मागे वळून बघितलं आणि विचारलं, 'बाबा, तुम्हाला बरं वाटलं ना?'

मी म्हटलं, हो.

खोटं कसं बोलणार. त्यावर रडणं नाही, ओरडणं नाही, कोथिंबिरीला जेवढं ओरडली त्याच्या पावपटही नाही. नुसती आत गेली, आणि तुमचं यायचं ठरल्यावर नीलांबरीकडून निरोप आला, ते सोनईचे पाहुणे येणार आहेत ना, येऊ द्या, पण त्यांना बाबांनी सांगायचं. त्यांना जमत नसेल तर माझ्याबरोबर ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसायला मला कुणी नकोय. आई घरीच राहील, तिला दवाखान्याचा वास सहन होत नाही. मी एकटी जाईन.

तर ऐका. मोठ्यानं बोलतो, तुम्हाला ऐकू येतंय हे मला ठाऊक आहे, पण मोठ्यानंच बोलतो. ती माझी मुलगी आहे. तिचं नाव मनवा. तुम्ही मुलगा बघायला आलात, तो या घरात नाही. गोळ्या थांबल्यात त्या ऑपरेशनपुरत्या. तिनं स्वतः ठरवलं, विचार करून ठरवलं, पैसे साठवले, आणि डॉक्टर सांगतील त्या दिवशी पुन्हा सुरू करणार. ती शुद्धीवर यायचा प्रश्न नाही, ती कधी बेशुद्ध नव्हतीच. तुमची लेक निकिता गुणी असणार, तिला चांगलं स्थळ मिळो. सत्यशीलाला आज रात्री मीच सांगतो. गूळ तेवढा घेऊन जा थोडा — खरंच न्या.

नाही, बोला ना. एवढं ऐकून घेतलंत, काहीतरी विचारायचा हक्क आहे तुम्हाला. धोका? असतो म्हणतात. सही करताना डॉक्टर सगळं वाचून दाखवतात, मी त्यातलं निम्मं ऐकलं नाही, पंख्याकडे बघत होतो. काय? हळू विचारलंत, आतल्यांनाही ऐकू द्या. तिच्याबरोबर कोण जाणार?

कोण म्हणजे. मी.

मी जाणार ना गं?

थांबा, एक मिनिट, बोलू नका —

नाही, तुम्हाला ऐकू यायचं कारण नाही. ते तुमच्यासाठी नव्हतं. या आता, नारायणराव, मला सोमवारची बॅग भरायचीय.