होडीचं तेल सीटला

साल छप्पन. मुरुडला दयारामकडे वहाणेचा अंगठा शिवून घ्यायला बसलो होतो. पुढचं गिऱ्हाईक होतं कोंडाजी नाखवा, सायकलसकट.

"नाखवा, या कातडी सीटला काय पाजलंत?"

"मुशी माशाचं तेल. शेरभर. तडकली व्हती ना!"

"शेरभर? अहो, चार थेंब चोळायचे!"

"होडीला लावतो तसंच लावलं. होडी बारा वर्षं टिकली."

"होडीवर कोण टांग टाकून बसतं? हिची झोळी झालीय!"

"कायतरी कर. सायकल मेव्हण्याची हाय. उद्या न्यायला येतोय."

"खालचा नट आवळून ताणतो. पण तेल महिनाभर सुटणार. त्यांना म्हणावं, जुनी चड्डी घाला."

"तो कोर्टात कारकून. पांढऱ्या धोतराबिगर बाहेर पडत न्हाय."

"कर्म माझं! बरं, बसा बाकावर."

"उभाच बरा. इथवर हिच्यावरच बसून आलोय."