व्याह्यांनी सोडलेली होडी

मंडळी, माणसांनी एकत्र कसं यावं, हे आम्ही कीर्तनकार रोज सांगतो. पण वेगळं कसं व्हावं, हे कुणी कुणाला शिकवलंय का?

ऐका तर. एका नदीकाठी पाच राज्यं होती. इतकी चिमुकली, की एक राजा शिंकला तर दुसऱ्यानं 'शतायुषी व्हा' म्हणावं! पाचांचा तह होता — जकात नाही, अडवणूक नाही, होडी सगळ्यांची. दोन पिढ्या सुखात गेल्या. मग भैरवगिरीच्या राजाला वाटलं, आपले निर्णय चौघांना विचारून का घ्यायचे? म्हणाला, आम्ही बाहेर पडतो. त्याचं चुकलं का? नाही. आपलं घर आपण चालवावं, असं कुणाला वाटत नाही?

बोलणी करायला त्यानं कारभारी विसाजीपंतांना पाठवलं. उरलेल्या चौघांतर्फे आले नारोपंत. आणि गंमत बघा — हे दोघे व्याही! विसाजीपंतांची लेक सगुणा नदीपलीकडे नारोपंतांची सून, दिवस भरलेली.

नऊ दिवस घासाघीस झाली. जायचं तर जा, पण होडीवरचा हक्क सोडा, असं नारोपंतांचं म्हणणं. विसाजीपंत ऐकेनात. शेवटी त्यांनी राजाला सल्ला दिला, होडीच बंद करा, पलीकडचे आपोआप नमतील. हुकूम निघाला. होडी अलीकडच्या घाटाला बांधली.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगुणाला कळा सुरू झाल्या. दुपार झाली, बाळ अडलं. आणि सुईण राहीबाई राहायची कुठं? अलीकडे, भैरवगिरीत!

साठीचे नारोपंत पोटाला भोपळे बांधून नदीत उतरले. ओलेत्यानं व्याह्यांच्या दारात उभे राहिले.

"पंत, बोलणी करायला आलो नाही. सगुणा अडली आहे. सुईण द्या."

विसाजीपंत तसेच उठले. राहीबाईला घेऊन तडक घाटावर गेले आणि होडीचा दोर सोडू लागले. पहारेकऱ्यानं हुकुमाची आठवण करून दिली.

"तो सल्ला माझाच होता," पंत म्हणाले. "बाजूला हो, बाबा."

दोन म्हाताऱ्यांनी दोन वल्ही धरली. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. सगुणा सुखरूप सुटली. नारोपंतांच्याच ओसरीवर व्याह्यांनी पहिलं कलम लिहिलं — होडी कुणीही, कधीही बांधून ठेवायची नाही. बाकीची कलमं मग दोन दिवसांत उरकली.

राजानं कलम मान्य केलं, पण हुकूम मोडला म्हणून पंतांचा कारभार काढून घेतला. शिक्षा रास्त आहे, म्हणून पंतांनी मुजरा केला. भैरवगिरी वेगळी झाली. निशाण बदललं, जकातीची चौकी बसली. पंत मात्र दर महिन्याला नातीला भेटायला होडीनं जात, आणि उतरताना हात द्यायला नारोपंत घाटावर उभे असत.

मंडळी, आपल्याकडंही वाटण्या होतात. चुली वेगळ्या होतात, होऊ द्या. पण भावाच्या घरी बाळंतपण झालं, तेव्हा तुम्ही गेलात का? आता टाळी वाजवायच्या आधी क्षणभर डोळे मिटा. ज्याच्याशी बोलणं तुटलंय, त्याचं नाव मनात घ्या. घेतलंत? मग म्हणा — विठ्ठल.