कडी आतून लागते का?

…आणि ओमाहाच्या बाई मला काय लिहितात, तर म्हणे दोन गाड्यांच्या मध्ये एकच झाड आहे, शेजारच्यांच्या तव्यावर अंडं फोडलेलं आम्हाला ऐकू येतं, अशा ठिकाणी माणसानं राहायचं तरी कसं? आता मी काय उत्तर देणार? मी तेव्हा राहायचे सुरतेत, लिंबायतला! आमच्या शेजारी अंडं फोडलं तर आमच्याकडे कांदा चिरायला घ्यायचे!

पण तसं लिहिता येत नाही हो. तुम्हाला सांगते, माझं कामच ते आहे. उधन्याला दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस, तिथे दुपारच्या पाळीला बसायचं आणि अमेरिकेतल्या लोकांना चॅटवर जागा सुचवायच्या. तिकडच्या लोकांकडे घराएवढाल्या गाड्या असतात, आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. ती गाडी घेऊन हे शहराबाहेर जातात आणि एखाद्या मैदानात लावून बसतात. त्याला म्हणायचं कॅम्पिंग. इंडियानापोलिसजवळ कुठलं मैदान बरं, मिलवॉकीजवळ कुठलं, हे सांगायला कोण? तर मी, जिनं नवापूरच्या पलीकडे सासर मिळालं म्हणून केवढा प्रवास केला असं माहेरी सगळ्यांना वाटतं. मी मुळात कमी बोलते, म्हणून साहेबांनी मला फोनवर न बसवता चॅटवर बसवलं. आणि पहिल्याच दिवशी शिकवलं, की बेन, जागा बघून घ्यावी माणसानं, हेच आपण विकतो.

आणि त्यांचं ते बघून घेणं तरी केवढं! जमीन सपाट हवी, नाहीतर फ्रिज कलंडतो. सावली हवी, पण टीव्हीच्या छत्रीवर नको. मक्याचं शेत दिसावं, पण त्याची धूळ येऊ नये. मागून मालगाडी जाते का? गाडी मागे न घेता सरळ बाहेर काढता येते का? कोलंबसचे एक गृहस्थ, चार बेडरूमचं घर कुलूप लावून डब्यात राहायला निघालेले, मला विचारतात, तिथे घरच्यासारखं वाटेल ना? अहो, मग घरीच बसा की! तिथे अगदी घरच्यासारखं वाटतं!

मी लिहिते, नक्की वाटेल सर.

आणि पाळी संपवून मी तेव्हा जिथे जायचे ती जागा कशी? एक खोली. खाली सासूबाई, सासरे आणि दीर योगेश, वर फळ्यांचा माळा, तो आमचा. माळ्याला दार नाही, शिडी आहे. लग्नाला चार महिने झाले होते, आमच्या ह्यांना, म्हणजे ललितना, मला फक्त एक वाक्य सांगायचं होतं. की सुरतेतच, भेस्तानला, आपण दोघांपुरती एक खोली बघू या. एवढंच. पण सांगणार कुठे? मी नुसतं "अहो" म्हटलं, की खालून सासूबाई, धुरपदाबाई त्यांचं नाव, अहिराणीत विचारतात, "पानी जोयजे का व माय?" मायेनं विचारतात हो, राग तरी कसा धरायचा? मी पाणी पिते. चार महिन्यांत मी जेवढं पाणी प्यायले तेवढं तापीला उन्हाळ्यात नसतं.

मग एक दिवस हे मार्केटातून हसत हसत आले. हे साड्यांची पार्सलं बांधतात. तर ह्यांच्या शेठनी एका जुन्या बसचं घर करून घेतलेलं आणि उकाई धरणाकडच्या आपल्या शेतात ते उभं केलेलं. शेठ म्हणाले, नवा नवा लग्न छे, शनिवार-रविवार जाओ ने, मजा आवशे. अहो, मी रोज जी जागा लोकांना विकते, ती मला आपणहून चालून आली! आता हे बिचारे सांगतायत, पाणी दिसतं, आंब्याची सावली आहे, जमीन सपाट आहे. मी एकच विचारलं.

"कडी आतून लागते का?"

हे लाजले. म्हणजे लागत असावी.

पण मी कुठे विचारलं, तर माळ्यावर. खालून सासूबाईंचा दुसरा प्रश्न आलाच, तठे झाड शे का? मग पाणी शे का, मग संडास किती लांब शे. तुम्हाला सांगते, ओमाहाच्या बाईंनी काय चौकशी केली असेल! आणि शेवटी गाडीत किती माणसं निजतात? हे भाबडे, बोलून गेले, चार.

संपलं. सासूबाई, सासरे, योगेश, आणि चौथ्या समोरच्या रंभाबाई, कारण त्यांना बिचाऱ्यांना कोण नेतं? मला जवळ बसवून सासूबाई म्हणाल्या, "तुमनी तर आखो सारी उमर पडेल शे." शनिवारी सकाळी कळण्याच्या भाकरी, ठेचा, दोन गोधड्या आणि माझी नवी चादर घेऊन वरात निघाली. माझ्या हनिमूनला हो! मी रिक्षापर्यंत पिशव्या पोचवल्या.

परत आले, आणि दारातच थांबले. खोली रिकामी होती. खाली कुणी नाही, वर कुणी नाही! मी ऑफिसात पोट दुखतंय असं कळवलं, ह्यांनीही मार्केटात काहीतरी दुखवलं. दार लोटलं. कडी लावली, आतून. चहा ठेवला. हे समोर बसले आणि मी म्हटलं, अहो…

कडी वाजली.

ह्यांचे चिंधा मामा! सोबत मामी, दोन पोती बाजरी आणि मामींचा डोळा, तो इथे दाखवायचा होता. गावाकडून कुणीही सुरतेला आलं की उतरायचं कुठे, तर आमच्याकडे. कळवायचं नाही, विचारायचं नाही. मिलवॉकीवाले सहा महिने आधी जागा धरतात, खुळेच म्हणायचे. मामांनी पाय पसरले, वर बघितलं, म्हणाले, इथं बरं असतं, स्टेशन जवळ, नळ दारात, शिवाय वर माळा. मग स्वतःच मान डोलवून म्हणाले, जागा बघून घ्यावी माणसानं.

तेव्हा मात्र माझ्यातलं काहीतरी हललं. मी वाढत होते, हे मामांच्या पंक्तीला बसलेले. मी चुलीआड, म्हणजे गॅसच्या आड, फोन काढला आणि जे काम मला येतं ते केलं. चॅट. लिहिलं, भेस्तानला दोघांपुरती खोली बघा. झाड नसलं तरी चालेल. दार हवं. ह्यांचा फोन वाजला. ह्यांनी वाचलं. घास तसाच हातात. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "भाकरी वाढ, आणि हो."

मामा म्हणाले, हो कसलं? मी भाकरी वाढली.

महिन्याभरात खोली मिळाली. सांगायची पाळी आली त्या दिवशी मी ह्यांच्या मागे उभी. ह्यांनी सांगून टाकलं. सासऱ्यांनी तंबाखू मळायची थांबवली. मला वाटलं, सासूबाई आता रडतील, आता म्हणतील, ह्या मुकीनं माझा पोऱ्या फोडला. आणि त्यांनी काय विचारावं? तठे पानी शे का? मी म्हटलं, आहे. स्टेशन? म्हटलं, जवळच. खोली केवढी? म्हटलं, आई, लहानच, दोघांपुरती.

त्यांचा चेहरा असा उजळला हो! म्हणाल्या, "बरं जयं व माय! आते अर्धा पाव्हणा तठे धाडता येतीन."

गेल्या गुरुवारी राहायला गेलो. शुक्रवारी मामींचा दुसरा डोळा आला, मामा-मामींसकट.

खोली छान आहे. सपाट आहे, मालगाडी लांबून जाते. ऑफिसातल्या मैत्रिणी खोदून खोदून विचारतात, कडी आतून लागते का गं? लागते की. मीच लावते रोज.

सगळे आत आले, की लावते.