जिन्यावरचा सीन

नाही, म्हणजे कापला असेल तर कापला म्हणा, नव्हता तर नव्हता म्हणा, पण एकाच हॉलमध्ये, एकाच पडद्यावर, एकच सिनेमा आमच्या सगळ्या मराठी मंडळाने बघायचा आणि बाहेर पडताना निम्म्यांनी म्हणायचं सीन होता आणि निम्म्यांनी म्हणायचं नव्हता... आता ह्यात खरं काय, तुम्हीच सांगा. मी तिसऱ्या रांगेत होतो. डोळे उघडे होते. शेजारचे घोरत होते, पण ते वेगळं. त्यांनीही नंतर शपथेवर सांगितलं की सीन होता.

तर हे सगळं श्यामकांतांमुळे. श्यामकांत म्हणजे आमचे शेजारी, इथे नोएडात, समोरासमोर दार. मूळचे पुण्याचे, पण दिल्लीत येऊन केस पांढरे झाले. एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, तिथे नक्की काय करतात ते मला कळलेलं नाही आणि त्यांना विचारलं तर तेही जरा विचारात पडतात, पण सिनेमावर विचारा! नवा सिनेमा लागला की रविवारी बघणार आणि सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये निकाल. नवव्या मजल्यावरून लिफ्ट खाली पोचेपर्यंत हिरो, हिरॉइन, संगीत, कॅमेरा, सगळ्यांचा हिशोब चुकता, आणि दार उघडता उघडता शेवटचं वाक्य ठरलेलं, ‘इंटरव्हलनंतर ढेपाळला.’ एकदा त्यांच्या रेवतीने, म्हणजे मुलीने, मोबाईलवर एक छोटी फिल्म दाखवली, चहा निवायच्या आत संपणारी. बघून म्हणाले, छान आहे, पण इंटरव्हलनंतर ढेपाळते.

आणि मतं तरी कशी, की ऐकणाऱ्याने कुठली बाजू धरावी ते कळू नये. म्हणे आताच्या सिनेमात माणसं कुजबुजतात आणि मागचं संगीत बोंबलतं, कोणी दार उघडलं तर ढोल, बंद केलं तर ढोल, आणि आपल्याच भाषेतला सिनेमा खालच्या पट्टीवर वाचत बघावा लागतो. बरं, पटलं. वरून ते ड्रोन. अहो, नवराबायको भांडतायत स्वयंपाकघरात आणि तुम्ही गच्चीवरून काय दाखवताय? तेही पटलं. पण जुन्या सिनेमात नायिका खिडकीशी उभी राहिली, पंखा फिरला, कावळा उडाला, दुसरा कावळा आला, तरी बाई तिथेच, की हे गदगदून म्हणणार, ‘ठहराव बघा, ठहराव!’ आणि नव्यातली कोणी तशीच उभी राहिली की, रटाळ. मी म्हटलं, श्यामकांत, दोघी खिडकीतच उभ्या आहेत, मग फरक काय? तर म्हणाले, बिल्कुल फरक आहे, हिला कारण नाहीये. आणि तिला होतं? तिला होतं म्हणे, फक्त दिग्दर्शकाने सांगितलं नाही. आता ह्यात खरं काय, तुम्हीच सांगा.

पण हे सगळं एकीकडे आणि तो सीन एकीकडे. एक जुना काळा-पांढरा सिनेमा आहे. नाव घेत नाही, घेतलं की तुमच्यातले दोघंतिघं आत्ता मोबाईल काढतील आणि माझ्याकडे कोणी बघणार नाही. त्यातला शेवटचा, जिन्यावरचा सीन. श्यामकांत तो असा सांगायचे... नायक-नायिकेचं भांडण झालेलं. ती बॅग भरून माहेरी निघाली, स्टेशनवर गेली. संध्याकाळ. हा ऑफिसातून येतो आणि भाड्याच्या खोलीबाहेर जिन्यात उभा राहतो, हातात डबा. आणि खालून पावलं वाजतात. ती! एक शब्द बोलत नाही. त्याच्या हातातला डबा घेते, पायरीवर बसते, उघडते, तर डबा भरलेला. म्हणजे सकाळी भांडूनसुद्धा तिने डबा दिलाय, आणि ह्यानेही दिवसभर घास खाल्लेला नाही. आणि ती बसून जेवायला लागते. संपला सिनेमा.

तुम्हाला सांगतो, इथपर्यंत आलं की ते रुमाल काढायचे. मग नाक पुसून परीक्षण: ती परत का आली हे दिग्दर्शक सांगत नाही, इथे त्याची ताकद आहे, बाईचं काम अव्वल, नायक मात्र ठोकळा, एवढी बाई परत आली आणि हा नुसता डबा धरून उभा!

हा सीन आम्हा सगळ्यांना पाठ. जानेवारीत मंडळाची बस पानिपतला काला अंबला, तिथल्या लढाईच्या स्मारकाला, जाते, परत येताना सगळे गप्प असतात, मग कोणीतरी म्हणतं, श्यामकांत, तो सीन सांगा. आणि हे उभे राहून, सीटचा दांडा धरून सांगणार. वीणावहिनी, म्हणजे त्यांची बायको, खिडकीशी बसून बाहेर सरसोंच्या शेतांकडे बघत ऐकणार. ठोकळा आला की पर्समध्ये काहीतरी शोधायला लागणार.

तर यंदा दिवाळीनंतर मंडळात ठरलं की तो सिनेमाच दाखवायचा. रेवतीने कुठूनशी स्वच्छ प्रत मिळवली. रविवारी दुपारी क्लबहाऊसमध्ये पडदा लावला, बटाटेवडे मागवले, श्यामकांतांनी छोटंसं भाषण केलं, म्हणजे त्यांच्या मानाने छोटं. सिनेमा सुरू झाला. भांडण झालं. बॅग भरली. शेवट जवळ आला तशा बायकांनी रुमाल काढून हातात धरले. नायिका स्टेशनवर आली, गाडीत बसली, नायक धावत आला, गाडी सुटली, तो फलाटावर एकटा उभा राहिला, आणि पडद्यावर ‘समाप्त’.

दिवे लागले. मागून एक बाई हळूच म्हणाल्या, जिना?

आणि मग जो गोंधळ झाला! तात्याराव उठले. तात्याराव मंडळात सगळ्यांत वडीलधारे, सरकारी खात्यातून निवृत्त, आवाज अजून खात्यातलाच. म्हणाले, कापलाय! मी हा सिनेमा नागपूरला थिएटरात पाहिलाय, जिना होता, पायऱ्या दगडी होत्या, मला अजून दिसतात! लगेच दुसरे म्हणाले त्यांनी सोलापूरला पाहिलाय, पायऱ्या लाकडी होत्या. मग दगडी की लाकडी यावर वाद, आणि जिना होता की नव्हता हा प्रश्न राहिलाच बाजूला. रेवतीने प्रतीची लांबी ताडून पाहिली होती, ती समजावत होती की काही कापलेलं नाहीये, आणि मराठीत सांगून कोणी ऐकेना तेव्हा वैतागून म्हणाली, ‘बाबा, वो सीन है ही नहीं.’

श्यामकांत खुर्चीत बसून होते. हातातला वडा तसाच. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि हसू आलं होतं ते गिळलं, कारण माणूस घाबरला होता. आता ह्यात खरं काय हे मी त्यांना विचारणार होतो, आणि तेच माझ्याकडे तसं बघत होते.

सोमवारी लिफ्टमध्ये गप्प. मंगळवारी गप्प. नवा सिनेमा लागला होता, सगळा ड्रोनवाला, मी मुद्दाम विषय काढला, तर म्हणाले, चांगला असेल. असेल! हे श्यामकांत! मग संध्याकाळी बागेत फेऱ्या मारताना बोलले. त्यांच्या मोठ्या मामांचं असंच सुरू झालं होतं म्हणे. आधी न झालेल्या गोष्टी आठवायला लागल्या, मग झालेल्या जायला लागल्या, आणि शेवटी मामींना विचारायचे, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? म्हणाले, ‘मला ती पायरीवर बसलेली दिसते हो. डब्याचं झाकण उघडताना तिचं कोपर भिंतीला लागतं, ते दिसतं. जे कोणी चित्रितच केलं नाही, ते मला कुठून दिसतंय?’

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू. पण त्याआधी वहिनींशी बोला. तिला कशाला घाबरवू, म्हणाले. पण त्याच संध्याकाळी बोलले. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो, एकदा नाही, तीनदा ऐकलंय, आणि दर वेळी सांगताना ते पुन्हा नव्याने गोंधळतात.

वहिनी मेथी निवडत होत्या. ह्यांनी मामांपासून सुरुवात केली, कोपरापर्यंत आले. वहिनींनी मेथीची जुडी खाली ठेवली आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, ‘अहो, ती मी.’

ह्यांना कळेना. कोण मी?

मग वहिनींनी सांगितलं. लग्नानंतरची पहिली खोली, दिल्लीत मुनिरकात, तिसऱ्या मजल्यावर, जिना इतका अरुंद की झाकण उघडायचं तर कोपर भिंतीला लागणारच. ह्यांनी तिला न विचारता दिल्लीतला मुक्काम वाढवून घेतला होता, म्हणजे वहिनींना पुण्यात लागलेली शाळेतली नोकरी गेली. त्यावरून भांडण. सकाळी डबा दिला, हे गेले, मग तिने बॅग भरली आणि निजामुद्दीन स्टेशन गाठलं. संध्याकाळी परत आली तर हे जिन्यात उभे. त्याच रविवारी दोघं हा, तेव्हाही जुनाच असलेला, सिनेमा बघायला गेली, आणि तो फलाटावरचा एकटा नायक बघून हे असे अस्वस्थ झाले की वाटेत एक शब्द नाही. खोलीवर पोचेपर्यंत ह्यांनी शेवट बदललेला होता. घरमालकिणीने विचारलं सिनेमा कसा आहे, तर तिला जिन्यावर संपवूनच सांगितला.

श्यामकांत म्हणाले, ‘मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?’

‘मला वाटलं तुम्हाला माहितीये,’ वहिनी म्हणाल्या. ‘मला वाटलं, चारचौघांत आपलं म्हणून सांगायची लाज वाटते, म्हणून सिनेमाचं नाव घेता. मला बरं वाटायचं ऐकून.’

आता बघा, इथे माणसाने गप्प बसावं की नाही? एवढं मोठं संकट टळलं, डोकं शाबूत निघालं, बायको अशी... पण हे पडले सिनेमावाले. इतकी वर्षं ज्या सवालावरून दिग्दर्शकाची ताकद वाखाणली, तो सवाल आता प्रत्यक्ष नायिकेला विचारायची संधी! विचारलं, ‘तू परत का आलीस?’

वहिनी म्हणाल्या, ‘किल्ली द्यायला.’

किल्ली एकच होती, ती तिच्या पर्समध्ये राहिलेली. स्टेशनवर तिकिटाला हात घातला तर किल्ली लागली. म्हटलं, हा माणूस बाहेर उभा राहील. आणि खरंच, हे त्यासाठीच उभे होते जिन्यात! वाट बघत-बिघत काही नाही, दाराला कुलूप होतं. आणि डब्यातली भाजी? वांग्याची होती, मे महिना होता, आंबली होती. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं, खाल्ली.

श्यामकांतांनी विचारलं, किल्ली दिलीस, मग गेली का नाहीस? गाडी तर मिळाली असती.

वहिनींनी मेथी पुन्हा हातात घेतली आणि म्हणाल्या, ‘जेवल्यावर झोप आली.’

बस. पुढे काही नाही. आता ही थट्टा होती, की तिला खरंच झोप आली होती, की ह्याच्यामागे काही होतं जे ती इतक्या वर्षांनी पण सांगणार नाही... ह्यात खरं काय, तुम्हीच सांगा. श्यामकांत म्हणतात, मी चेहरा नीट बघत होतो, क्लोजअप होता, तरी कळलं नाही.

पण माणूस सरळ. त्यांनी ठरवलं, मंडळाला सांगून टाकायचं की सीन सिनेमात नाहीच. लोक मला विसरभोळा म्हणोत, पण त्या दिग्दर्शकाच्या नावावर आपली वांग्याची भाजी नको. संक्रांतीला तात्यारावांकडे सगळे जमले होते. आम्ही पोचलो तर आत रंग भरलेला. मुंबईहून बदली होऊन आलेलं एक नवीन जोडपं समोर बसवलेलं, आणि तात्याराव सीन सांगतायत! तात्यारावांच्या सीनमध्ये कडाक्याची थंडी, नायकाच्या अंगावर शाल, आणि जिन्यात असं दाट धुकं की आधी नुसती पावलं ऐकू येतात, मग धुक्यातून बॅग दिसते, मग ती. डब्यात गाजराचा हलवा. त्या जोडप्यातल्या नवीन सूनबाईंच्या डोळ्यांना पदर.

श्यामकांतांनी दारातूनच सांगायला सुरुवात केली, की तात्याराव, माफ करा, तो सीन त्या सिनेमात नाही, मी आता खात्रीने सांगतो, आणि असलाच कुठे तर मे महिना होता, लू वाहत होती, धुकं कुठून येणार?

तात्यारावांनी त्यांचा हात धरून प्रेमाने शेजारी बसवलं. खोलीतले सगळे हळहळल्यासारखे त्यांच्याकडे बघत होते. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. तात्याराव म्हणाले, ‘श्यामकांत, वयाप्रमाणे होतं असं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. सीन आम्ही सांभाळलाय.’

श्यामकांतांनी वीणावहिनींकडे पाहिलं. त्या नवीन सूनबाईंच्या हातावर तिळगूळ ठेवत होत्या, आणि ती त्यांना विचारत होती, काकू, तुम्ही पाहिलाय का हो तो सीन? वहिनी म्हणाल्या, हो, पण फार जवळून, त्यामुळे नीट दिसला नाही.

श्यामकांतांनी पाणी घेतलं, एका दमात प्यायले, ग्लास खाली ठेवला.

‘बरं,’ म्हणाले, ‘असेल धुकं.’